रायणीची रजा

शके १८३५, चैत्र शुद्ध १०

धनाजी, तुझा दमा कसा आहे? चैत्राच्या धुळीने वर आला असेल. काढा घेतोस, की कौशल्येने वाटी पुढे केली की अजून तोंड फिरवतोस? कौशल्येचे गुडघे कसे आहेत? ओट्याची पायरी चढताना देवाचे नाव घेते ना — की आता नाव घेण्यापुरताही दम उरत नाही? तुझ्या वसंताच्या डोळ्यांची लाली गेली का? लग्नाच्या मुलाने लाल डोळ्यांनी फिरू नये, मुलीकडचे काय म्हणतील! काळी गाय व्यायली का? आणि —

हात थांबला. अरे, ही वही आहे. पत्र नव्हे!

तीस वर्षे धनाजी वाघोडियाला तालुका कचेरीत कारकून होता. धाकटा भाऊ, एकुलता एक. आठवड्याला एक पत्र तिकडे, एक इकडे. सुरुवात अशीच — एकेकाची प्रकृती. शेवटही ठरलेला — उत्तर लवकर. हाताला वळणच पडले. आता तो निवृत्त होऊन हरणीला, मी नागरवाड्यात. मधे दोन कोसांची वाट, आणि कोर्ट. पाच महिने झाले, शब्द नाही. मग प्रकृती कुणाची विचारू? वहीची विचारतो. वही म्हणेल, मला कसला दमा!

आज हुकूम झाला. आमच्या विरुद्ध.

चैत्र शुद्ध ११

लिहून काढतो. डोके तरी हलके होईल.

हरणीला वडिलांची मोकळी जागा आहे, आम्हा दोघा भावांची मिळून. तिच्या मधोमध रायण. बाहेरगावचे लोक खिरणी म्हणतात. आजोबांच्या आधीची. तिथे वसंताचे लग्न व्हायच्या आत धनाजीला दोन खोल्या बांधायच्या आहेत, आणि रायण आडवी येते. म्हणून तोडायची! मी दावा लावला. जागा दोघांची, झाड दोघांचे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत झाडाला कोणी हात लावू नये, असा मनाई हुकूम मागितला. तोच काल नाकारला. आता दावा चालेल दोन वर्षे, तीन वर्षे. पण कुऱ्हाड घालायला धनाजी आजपासून मोकळा.

हेरंब वकिलाला म्हटले, "अरे, झाड पडल्यावर दावा जिंकून मी काय करू? सरपण घरी नेऊ?"

हेरंब चांगला पोरगा. माझ्या थोरल्या नातवाच्या वयाचा, पण मला काका म्हणतो. "काका, नाकारला तो तुमच्याच शब्दावर," म्हणाला.

खरे आहे. फाल्गुनात जबानी झाली तेव्हा साहेबांनी विचारले होते, धनाजीराव तुमच्याकडे आले, झाड पाडण्याचे बोलले, त्यावर तुम्ही काय म्हणालात? मी म्हटले, "काय म्हणणार? रजा म्हटलं." शिरस्तेदाराने गुजरातीत उतरवले — "में रजा आपी." वाचून दाखवले. आपल्या दरबारची रीत, राजा मराठी आणि प्रजा गुजराती, म्हणून कोर्टाची भाषा गुजराती पण अक्षर बाळबोध. दोनच अक्षरे, र आणि जा. मी मान हलवली आणि सही ठोकली!

आता हुकमात लिहिले आहे — वादी स्वतःच कबूल करतो की झाड पाडण्याची परवानगी दिली.

परवानगी! अहो, पागेत रजा म्हणजे जा. शिपाई आला, मुजरा केला, बोलायचे ते बोलला, की जमादाराने म्हणायचे "रजा!" — त्याने पाठ फिरवायची. पंचवीस वर्षे मी पागेत जमादार होतो, दिवसातून शंभर वेळा हा शब्द तोंडातून गेला. जेवण झाले की पाटावरून उठताना बायकोला, रखमालासुद्धा, रजा म्हणतो. बाजारात रजा म्हणजे परवानगी, हे काय मला ठाऊक नाही? पण कानाला ठाऊक असलेले तोंडाला वेळेवर आठवते थोडेच!

शिरस्तेदाराला दोष नाही. ऐकले ते लिहिले. लबाडी धनाजीची. सख्खा भाऊ, त्याला माझी रजा कळत नाही?

आणि गंमत बघा. हेरंब म्हणाला, "काका, हा शेवटचा निकाल नव्हे, मधला हुकूम आहे. शेवटच्या निकालावर अपील आपल्या हक्काचं. मधल्या हुकमावर करायचं तर आधी वरच्या कोर्टाची परवानगी काढावी लागते. अर्जाच्या मथळ्यावर काय लिहायचं, सांगू? — अपील करवानी रजा!"

ज्या शब्दाने दार लागले, त्याच शब्दाने ते उघडायचे. मी हसलो.

चैत्र शुद्ध १३

चिमणाबाई हरणीहून भाजीची पाटी घेऊन आली. विचारले नव्हते तरी सांगितले, "उभी आहे हो तुमची रायण." मेथी घेतली. मेथी नको होती.

चैत्र पौर्णिमा

मारुतीला जाऊन आलो. पायऱ्यांवर बसलो आणि रायणच डोळ्यांपुढे आली.

वडील शिलेदार. स्वतःची घोडी, चंद्री. वडील घरी असले की चंद्री रायणीला बांधलेली. तिचे दावे घासून घासून बुंध्याला करकोचा पडला, बोट आत जाईल एवढा. लहानपणी तो माझ्या कपाळाइतका उंच होता. मग छातीपाशी आला, मग कमरेपाशी. झाड होते तिथेच होते. मी वाढत होतो! आता परत तो छातीपाशी यायला लागला आहे. झाड अजून तिथेच. मीच वाकलो.

वडील मुलखावर गेले की सहा सहा महिने यायचे नाहीत. यायचे तेव्हा पागोट्याच्या टोकात रजाचिठ्ठी खोचलेली. आई चिठ्ठी हातात घेऊन बघायची. वाचता कोणालाच येत नव्हते. मी थोरला, मी चंद्रीच्या खरार्‍याला. शाळा माझ्या वाट्याला आली नाही. नऊ वर्षांनी धाकटा धनाजी, त्याला मात्र पंतोजींकडे घातले. एके दिवशी चिठ्ठी घेऊन तो रायणीखाली आला. "दादा, बघ, यात लिहिलंय." चिठ्ठी मोडीत. त्याने काडी घेतली आणि मातीत बाळबोध काढून दाखवले. र. जा. "हे दोन आले की चिठ्ठी आली," म्हणाला.

मला मिसरूड फुटलेले, मास्तरच्या पुढच्या दातांना खिंडार! रोज संध्याकाळी मी खरारा ठेवायचा आणि त्याच्यापुढे उकिडवे बसायचे. चुकलो की मास्तर माझ्याच पाठीवर काडी मारायचा. वैशाखात रायणी पिकायच्या. चार खाल्ल्या की चिकाने ओठ ओठाला चिकटायचे. मग मास्तर मुका आणि विद्यार्थीही मुका. दोघे एकमेकांना बोटांनी ओठ उघडून दाखवत हसायचो.

आज मी ही वही लिहितो ती त्याच्या काडीच्या जोरावर.

आणि त्याच्यावरच दावा! पण रायणीवर कुऱ्हाड तरी त्याने कशी घालावी?

चैत्र वद्य ३

अर्ज दाखल झाला. सही वाकडी आली.

वरच्या कोर्टातला शिरस्तेदार म्हातारा, गुजराती, गोड बोलणारा. "आवो काका, बेसो. शेनी रजा जोईए?" — कसली रजा हवी म्हणून विचारतो. मी म्हटले, "बापा, मला आता कसलीच रजा मागायची भीती वाटते. अर्जात लिहिलंय ते वाच." तो खो खो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, वैशाख वद्यापासून कोर्टाला उन्हाळ्याची रजा आहे, तारीख त्याआधी लागली तर तुमचे नशीब.

म्हणजे रजेसाठी अर्ज, आणि कोर्टच रजेवर जाणार! घरी रखमाला सांगितले. तिला हसू आले नाही. म्हणाली, "कोर्टाची रजा काढायला इतके हेलपाटे घालता. भावाच्या दारी जायला एक टांगा पुरे."

मी म्हटले, "त्याने यावं. तो धाकटा."

"आला होता की. कार्तिकात. तुम्हीच भिंतीकडे तोंड केलंत."

बायकांना सगळे बरोबर नको तेव्हा आठवते.

चैत्र वद्य ४

आज रखमा बोलत नाही. जेवणानंतर मी रजा म्हणालो नाही. तिने पाहिले मात्र!

चैत्र वद्य ९

सुनावणीची तारीख. धनाजी आला होता. पाच महिन्यांनी पाहिला.

पडवीत एकच बाकडे. तो आधीच बसलेला. मला पाहिले आणि तटकन उठला. आमच्याकडे थोरला समोर असताना धाकट्याने बसायचे नाही. वडिलांची शिस्त. मी तरी त्याने सोडलेल्या बाकड्यावर कसा बसू? शत्रूच्या जागेवर? मीही उभा. तो खांबाला टेकून, मी भिंतीला. मधे रिकामे बाकडे. शिपाई आला, दोघांकडे बघून म्हणाला, "अरे काका, बाकडो शुं चावे छे?" — बाकडे चावते का म्हणून!

धनाजीला हसू आले. हसताना खोकला आला. खोकता खोकता वाकला. दमा वरच आला आहे. मी खिशात हात घातला. ज्येष्ठमधाची काडी असते माझ्याकडे नेहमी. काढली. पण तेवढ्यात पुकारा झाला.

काडी घामाने ओली होऊन खिशातच राहिली.

हेरंब छान बोलला — झाड एकदा पाडले की कोणताही निकाल ते उभे करू शकत नाही, म्हणून हा हुकूम मधला असला तरी परिणामाने शेवटचाच आहे. साहेबांनी मान हलवली. म्हणाले, प्रतिवादीची कैफियत आणि वादीची जबानी शब्दशः ताडून दाखवा. पुढची तारीख वैशाख शुद्ध नवमी.

चैत्र अमावास्या

काही नाही. ऊन.

वैशाख शुद्ध ३

अक्षय तृतीया. दरवर्षी आजच्या दिवशी हरणीहून टोपली यायची — पळसाच्या पानांत पहिल्या रायणी. वाघोडियाला असतानासुद्धा धनाजी आजच्या दिवसाला हरणीला यायचा, झाडावर चढायचा, आणि स्वतः टोपली घेऊन माझ्या दारात. "दादा, ओठ चिकटवायचे का?"

आज पूजा आटोपली. रखमाने पन्हे केले. मी दोनदा दाराशी गेलो. वाऱ्यासाठी!

दुपार कलताना चिमणाबाई आली. पाटीत वांगी, आणि वांग्यांखाली पळसाच्या पानाची पुडी. पुडीत मूठभर रायणी. पिवळ्याधमक.

"या कुणी दिल्या?"

"कुणी कशाला देईल! झाडाखाली पडल्या होत्या, उचलल्या."

"पडलेल्या रायणीला माती लागते, चिमणाबाई. या देठासकट खुडलेल्या आहेत."

"मग वाऱ्याने खुडल्या असतील, भाऊसाहेब. तुमचा वारा तुम्हीच ओळखा." आणि पदर खोचून बसली. मग सांगितले ते असे — रामनवमीनंतर तोडणारे दोघे कुऱ्हाडी घेऊन आले होते. धनाजीरावांनी परत पाठवले. फळ उतरेपर्यंत हात लावायचा नाही म्हणाले. वसंता चिडला, लग्न ज्येष्ठात आहे, खोल्या कधी होणार? तर त्याच्यावर ओरडले.

महिना होत आला, हुकूम त्याच्या बाजूने आहे. एक दिवसाचे काम. आणि झाड उभे!

रखमाने चार खाल्ल्या. मी नाही. संध्याकाळी एक खाल्ली.

वैशाख शुद्ध ५

आज जे झाले ते नीट लिहितो, चुकायला नको.

हेरंब कैफियत घेऊन घरी आला. धनाजीने कोर्टात दिलेले लेखी उत्तर. पौषात दाखल झाले होते तेव्हा मी ते हातात घेतले नव्हते. भावाचे खोटे वाचून डोळे कशाला विटाळू, म्हटले होते. आज हेरंब म्हणाला, "काका, आता वाचावंच लागेल. ओळ ओळ बघा, कुठे खोटं आहे तिथे मला बोट ठेवून दाखवा."

गुजराती मजकूर, बाळबोध अक्षर. अक्षर धनाजीचेच! वकिलाला लिहू दिले नाही त्याने, स्वतः लिहिले. 'जा'चा काना तसाच लांब, खाली वळलेला — मातीत काढायचा तसा.

बोट ठेवत गेलो. चौथ्या कलमावर थांबलो. मराठीत उतरवतो —

"कार्तिक वद्य पंचमीस मी नागरवाड्यात दादांकडे गेलो. सर्व हकीकत सांगितली. दादा आजारी होते. त्यांनी भिंतीकडे तोंड केले. मग त्यांनी रजा दिली. दादांच्या रजेशिवाय मी त्या झाडाचे पानही तोडले नसते. त्यांना किती जड गेले असेल हे जाणून मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. पंधरा दिवसांनी त्यांनी दावा का लावला, हे मला अद्याप समजलेले नाही."

हेरंब म्हणाला, "हेच खोटं ना, काका?"

मी तारीख पुन्हा पाहिली. पौष. माझी जबानी फाल्गुनातली. म्हणजे शिरस्तेदाराने रजा लिहून घेतली त्याच्या दोन महिने आधी धनाजीने ती लिहिली होती. कोर्टात मी चुकलो आणि त्याने ती चूक उचलली, असे नाही. त्याने ऐकलेच तसे होते!

"काका? कुठे बोट ठेवायचं?"

मी म्हटले, "ठेव तुझ्या कपाळावर." मग वाईट वाटले. त्याला पन्हे दिले.

वैशाख शुद्ध ६

तो दिवस आठवतो आहे. पूर्वी आठवायचा तसा नव्हे, झाला तसा.

मला ताप होता. धनाजी पायथ्याशी बसला. वसंताचे लग्न, दोन खोल्या, जागा अपुरी, रायण — हळू हळू बोलत होता, चोरासारखा. बोलायला गेलो असतो तर रडलो असतो. भावापुढे? म्हणून भिंतीकडे तोंड केले आणि म्हणालो, "रजा."

पागेतली रजा. म्हणजे पुरे, ऊठ, जा.

पण धनाजीने मला पागेत कधी पाहिलेच कुठे? मी जमादार झालो तेव्हा तो वाघोडियाला. आणि त्याने तिथे तीस वर्षे काय केले? अर्जांवर शेरे लिहिले. शेत विकायची रजा, विहीर खणायची रजा, झाड तोडायची रजा — "रजा आपवामां आवे छे", म्हणजे देण्यात येते. दिवसातून शंभर वेळा त्याच्याही हातून हाच शब्द गेला. मी म्हणून म्हणून झिजवला, त्याने लिहून लिहून.

तो उठला. पायांवर डोके ठेवले. पाय ओले झाले होते माझे. मी मनात म्हटले — आधी झाड मागतो आणि वर नाटक!

नाटक नव्हते. तो आभार मानत होता.

पुढे पंधरा दिवसांनी बुंध्यावर चुन्याची खूण केलेली कोणी सांगितली, आणि मी सरळ वकिलाकडे. भावाकडे नाही. वकिलाकडे!

रखमाला सगळे सांगितले. ती निवडत होती ते तांदूळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "तुम्हा दोघांना लिहायवाचायला शिकवलं कुणी?"

"त्याने मला."

"मग पुन्हा बसा म्हणावं."

वैशाख शुद्ध ९

रजा मिळाली!

साहेबांनी अर्ज मंजूर केला. पंधरा दिवसांत अपील दाखल करायचे, तोवर झाडाला हात लावायचा नाही. हेरंबच्या चेहऱ्यावर लग्नघर. म्हातारा शिरस्तेदार खुर्चीतून उठून म्हणाला, "लो काका, मळी गई रजा."

धनाजी आला नव्हता. त्याचा वकील म्हणाला, अंथरुणाला खिळले आहेत, दमा. मी विचारले, काढा घेतात का? तो म्हणाला, मी प्रतिवादीचा वकील आहे, वैद्य नव्हे.

कागद घेऊन घरी आलो. देवापुढे ठेवला नाही. कोनाड्यात ठेवला.

वैशाख शुद्ध १०

हेरंबला सकाळी सांगून आलो — अपील करायचे नाही, दावाही काढून घ्यायचा. तो बराच वेळ बोलला. मी ऐकले. रजा म्हणालो नाही, "येतो, बाळा" म्हणालो.

मग हे लिहिले. वहीत उतरवून ठेवतो. अस्सल पत्र चिमणाबाईच्या पाटीत गेले, ज्येष्ठमधाच्या काड्यांबरोबर.

"चि. धनाजीस दादाचा आशीर्वाद. तुझा दमा कसा आहे? कौशल्येचे गुडघे? वसंताचे डोळे? काळी गाय? रायण?

कार्तिकात मी 'जा' म्हणालो, तू 'पाड' ऐकलेस. खोटे कोणीच बोलले नाही. कोर्टाने मला अपिलाची रजा दिली, ती मी परत केली. झाडाचे आता तू ठरव. मला विचारू नकोस, तो शब्द मला नीट येत नाही. तूच शिकवला होतास.

उत्तर लवकर पाठव. चिमणाबाई सकाळीच निघते."